मामाच्या डिस्कमधली मोकळी जागा

अकोल्याच्या उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर बायकोकडे न फिरवता कॉम्प्युटरकडे फिरवणारा नवरा अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो माझा सख्खा मामा आहे. कॉम्प्युटर इतका जुना, की दुकानदारानं तो सरळ भंगारात द्यायला सांगितला होता. मामानं उलट त्यात एसएसडी ही नवी वेगवान डिस्क बसवून घेतली. चहा उकळून गार झाला तरी सुरू न होणारं ते धूड बटण दाबताच जागं व्हायला लागलं, आणि मामा त्या डिस्कचा भक्तच झाला. काम संपलं तरी कॉम्प्युटर लगेच बंद करायचा नाही, पुसलेल्या फायलींची जागा डिस्कला निवांत साफ करू द्यायची. तेवढा वेळ मामा शेजारी गप्प बसतो, आणि आलेल्या पाहुण्यानंही बसायचं असतं. एकदा कूलरच्या ओल्या हवेनं कॉम्प्युटरलाच घाम फुटला, तेव्हा मामानं स्वतःच्या टॉवेलनं तो पुसून काढला. मामी पदरानं कपाळ टिपत म्हणाली, "मी इथं भिजून राहिली, अन् यायले त्या डब्ब्याची काळजी!"

सगळ्यात कडक नियम जागेचा. डिस्क भरत आली की मंदावते, म्हणून पाव हिस्सा कायम मोकळा ठेवायचा. मी माझ्या लग्नाचे फोटो हौसेनं पेनड्राइव्हवर घालून नेले, तर मामानं दोन ठेवून घेतले आणि पेनड्राइव्ह परत दिला. "दोनात समजते ना गा, लग्न झालं म्हणून!"

मी चिडलो. एवढी जागा राखून करायचंय काय, असं तोंडावर विचारलं.

मामा स्क्रीनकडे बघतच हळूच म्हणाला, "वैशूचं लेकरू येईन ना. त्याले लागन."

वैशू ही मामाची मुलगी, अमरावतीला असते. तिनं आणि जावयांनी मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवलं, त्यालाही किती उन्हाळे लोटले होते. नातेवाइकांनी विचारणं सोडलं, पुढे वैशूनंही तो विषय काढणं सोडलं. मामा तेवढा जागा धरून बसला होता. त्या दिवशी मला त्याची फार माया वाटली.

यंदा ऐन मे महिन्यात दत्तक संस्थेचं बोलावणं आलं, आणि वैशू दीड वर्षाच्या लेकीला घेऊन माहेरी आली. मी बघायला गेलो तर कूलर पोरीकडे फिरवलेला, आणि तिच्या निमित्तानं मामीही गार वाऱ्यात बसलेली. मामा पोरीला मांडीवर घेऊन फोटो भरत होता. झोपलेली पोरगी, उठलेली पोरगी, टरबूज खाऊन छातीपर्यंत लाल झालेली पोरगी. इतकी वर्षं राखलेली जागा आठवड्यात संपली होती आणि एकेक फोटो उघडायला कॉम्प्युटर अडखळत होता.

"मामा, मंदावला ना तुझा कॉम्प्युटर," मी म्हटलं.

"मंदावू दे. मले आता कायची घाई हाय?"

फोटो उघडेपर्यंत पोरगी त्याच्या मांडीवरच झोपली. मामा पूर्वीसारखाच गप्प बसून राहिला, आणि मीही बसलो.