ड्रॉइंगचे सर आणि लांब रोटी

नेरच्या शाळेत मी तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, आणि कला अंगातच असावी लागते, मेहनतीनं येत नाही, हे दरवर्षी नव्या वर्गाला तितक्याच ठामपणे सांगितलं. (स्वतःची चित्रं मी एका बैठकीत उरकायचो. ती तशी दिसायचीही.)

मागच्या उन्हाळ्यात लेकीचे सासू-सासरे मारेगावहून जेवायला येणार होते. त्यांनी फोनवरच लांब रोटीची फर्माईश केली. ही रोटी लाटत नाहीत. सैल कणिक हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. नेमका आदल्या दिवशी सुनंदाचा, म्हणजे बायकोचा, हात मुरगळला.

"शेजारच्या कमलाबाईले बोलावते," ती म्हणाली.

"कायले? मी आहो नं. कंपासशिवाय गोल काढतो मी फळ्यावर."

"अजी, त्याले मेहनत लागते."

"कला लागते," मी म्हणालो.

सकाळी अंगणात चूल पेटली. कणिक तासभर परातीत आपटायला सांगून सुनंदा आत गेली. मी दहा मिनिटं आपटली आणि थांबलो. प्रतिभेला ताटकळत ठेवू नये.

पहिली रोटी मनगट ओलांडताच फाटली. अर्धी चुलीत गेली, अर्धी माझ्या चष्म्यावर बसली. दुसरी मडक्यावर पडली खरी, पण रोटीपेक्षा मडकंच जास्त दिसत होतं. तिसरी खांद्यावरून पाठीवर उतरली. ती काढायला मी स्वतःभोवती फिरत असताना फाटक वाजलं.

"सर, हे काय करून राह्यले?" व्याह्यांनी विचारलं.

"स्वयंपाक."

विहीणबाईंनी माझ्या पाठीवरची रोटी सोलली आणि बोटांनी ताणून पाहिली. "कणिक आपटलीच नाही तुमी," त्या म्हणाल्या. "आता आपटा. मी सांगीन तवा थांबा."

मग त्या सुनंदाशेजारी चहा घेत बसल्या. मी आपटत राहिलो. जरा हात थांबला की त्या कप खाली ठेवून माझ्याकडे बघायच्या. तासाभरानं पदर खोचून त्यांनी स्वतःच रोट्या टाकल्या, एकीलाही भोक न पाडता.

जेवताना व्याही म्हणाले, "रोटी लय मऊ झाली. आणखी एक वाढा."

"कणिक सरांनी आपटली," विहीणबाई म्हणाल्या.

माझी मान ताठ झाली. आजवर मी दोन चित्रप्रदर्शनं भरवली. लोक आले, 'छान' म्हणाले आणि गेले. 'आणखी एक' असं कोणी कधीच म्हटलं नव्हतं.