या आता

मी कचेरीच्या व्हरांड्यात अर्ज लिहून देतो, त्यामुळे आतले क्लार्कसाहेब रोज समोर दिसतात. कुणाला घालवायचं असलं की ते फाईल मिटतात आणि मान वर न करता म्हणतात, "या आता." 'जा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा नेम.

मढची एक म्हातारी वारस नोंदीसाठी वर्षभर हेलपाटे घालत होती. परवा साहेब "या आता" म्हणाले, तर ती पुढं सरकून टेबलाला चिकटली.

"आले की, भाऊ. सांगा."

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "जा, मावशी. हे काम व्हायचं नाय."

ती दारापर्यंत गेली आणि सवयीनं म्हणाली, "येते."

साहेबांना "या" म्हणवेना. मलाही.