दुसरी फुंक

आमच्या घरात बटाटा भाजीला कमी आणि बाबांच्या डोळ्यांना जास्त लागायचा. बाबा वेल्डर होते. तोंडावरची काच खाली घ्यायच्या आधीच ठिणगी पेटली, की संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. आई बटाट्याच्या गार चकत्या कापून त्यांच्या पापण्यांवर ठेवायची, आणि त्या गरम झाल्या की बदलायचं काम माझं. सकाळी त्याच चकत्या धुऊन फोडणीला जायच्या. हे मी मैत्रिणींना कधी सांगितलं नाही. आज लिहून टाकते.

नव्वदीची सुरुवात होती. नाशिकला सातपूरच्या कारखान्यांमागच्या चाळीत आमची एक खोली होती. आई द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर फुलांची पाटी घेऊन बसायची. बाबा ज्या कारखान्यात जायचे, तिथे दुधाच्या डेअऱ्यांसाठी स्टीलच्या मोठ्या टाक्या बनत. खोलीभर उंचीची टाकी, वर माणूस उतरेल एवढं झाकण, आत उतरायला शिडी.

बाबा प्यायचे. मारायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत. प्यायले की उलट फार गोड बोलायचे, मला 'बॅरिस्टर' म्हणायचे. पण सकाळी उठले की हात थरथरायचा. मग कामाला जाण्याआधी उतारा म्हणून थोडी घ्यायचे. उताऱ्यानं हात थांबतो आणि जोड सरळ येतो, असं त्यांचं म्हणणं. आणि वेल्डरचा हात म्हणजे त्याचं सगळंच.

कारखान्याच्या गेटवर तपासणी होती, म्हणजे वॉचमन होता. तो म्हणायचा, "हा कर." माणसानं त्याच्या नाकासमोर हा करायचा. कुणी कच्चा कांदा खाऊन यायचं, कुणी वेलदोडा चघळत. वॉचमनचं ज्याच्याशी जमायचं त्याच्या तोंडाला वास यायचा नाही, ज्याच्याशी बिनसलेलं त्याला नुसता कांदा खाल्ला तरी यायचा. अशी ती तपासणी.

आत गेल्यावर बाकीचं सोबती बघायचे. त्याला शब्द होता, 'सांभाळून घेणं'. एखाद्याला जास्त झालेली असली की त्याला कुठंतरी आडबाजूला झोपवायचं, त्याचं काम दोघांनी वाटून घ्यायचं, फोरमननं विचारलं तर संडासला गेलाय म्हणायचं. दुपारपर्यंत माणूस ताळ्यावर यायचा. यात कुणाला काही चुकीचं वाटायचं नाही. मलाही वाटलं नसतं. चांगले लोक असेच वागतात असंच मी समजत होते.

बाबांना सांभाळून घेणारे होते काका. नात्यातले नाहीत, बाबांच्या जोडीचे मिस्त्री, नांदगावकडचे. दोघं एकाच डब्यातून जेवायचे. त्या दिवशी बाबांना उतारा जास्त झाला होता. उन्हाळा होता, शेडचा पत्रा तापलेला. काकांनी त्यांना तयार होत आलेल्या एका टाकीत उतरवलं, खाली पोतं अंथरलं आणि म्हणाले, "पड हितं गारव्याला. चहाच्या घंटेला उठवतो."

स्टीलचा जोड आतून काळा पडू नये म्हणून वेल्डिंग करताना टाकीत एक वायू सोडतात. त्याला वास नसतो, रंग नसतो. हवेपेक्षा तो जड, म्हणून तळाशी बसतो आणि हवेला वर ढकलतो. सकाळी कुणीतरी त्याची नळी आत तशीच ठेवली होती आणि तिचा कॉक पुरता बंद नव्हता. बाबा तळाला झोपले होते.

घंटेला काकांनी वरून हाक मारली, मग शिव्या घातल्या, मग आत उतरले आणि तेही कोसळले. इतरांनी त्यांना ओढून काढलं म्हणून ते वाचले. मी तेव्हा नववीत होते. शाळेत मला घ्यायला आले तेसुद्धा काकाच, दवाखान्यातून परस्पर, हाताला सुईची पट्टी तशीच.

मग सगळ्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं. जबाबात लिहिलं, जोड तपासायला आत उतरला होता. पिऊन होता असं लिहिलं तर घरच्यांना भरपाई मिळायची नाही, असं सगळ्यांना वाटलं. मालकालाही खोलात जायचं नव्हतं, नळी उघडी राहिली ती चूक त्यांच्याकडची होती. बाराव्याला काकांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि खरं काय ते सांगितलं. आई त्यांना म्हणाली, "भाऊ, उठा. तुम्ही त्याला मारायला नव्हतं नेलं." मी दाराशी उभी राहून ऐकलं.

त्या भरपाईवर आणि काकांच्या पाठिंब्यावर मी शिकले. कॉलेजचा फॉर्म भरायला माझ्यासोबत रांगेत काका उभे होते, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. कारकुनानं विचारलं, "वडील का?" काकांनी नुसती मान खाली घातली. मी आमच्या सगळ्या भावकीतली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. निकालाच्या दिवशी काकांनी अख्ख्या शेडमध्ये पेढे वाटले. पण ज्या कागदावर माझं शिक्षण उभं होतं तो कागद खोटा होता, हे मला दर परीक्षेला आठवायचं. आणि त्याच कागदामुळे कारखान्यात काहीच बदललं नाही, कारण कागदावर तसं काही घडलंच नव्हतं.

बाबांच्या जागी म्हणून मला तिथल्याच टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामाला घेतलं. नोकरी करता करता मी सुरक्षेचा डिप्लोमा केला. दोन हजार साल उलटलं होतं, नाशिकच्या आसपास द्राक्षांच्या वायनरी उभ्या राहत होत्या आणि आम्ही त्यांच्यासाठी टाक्या बनवू लागलो होतो. बाहेरून काम देणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं अट घातली की कामगारांची दारूची आणि नशेची तपासणी नियमानं झाली पाहिजे. साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली. "मॅडम, हे तुम्ही बघा. कागदोपत्री असलं तरी चालेल."

मी म्हटलं, "कागदोपत्री नाही, साहेब. पहिली फुंक तुमची."

साहेब हसले. मग त्यांना कळलं की मी हसत नाहीये. सोमवारी गेटवर सगळ्यांसमोर त्यांनी श्वासातली दारू मोजणाऱ्या नव्या मशीनमध्ये फुंकलं.

रोज सकाळी पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठ्या निघायच्या. साहेब, कारकून, ठेकेदाराची माणसं, सगळ्यांची नावं त्यात. जे उंचावर चढणार, क्रेन चालवणार किंवा टाकीत उतरणार त्यांची चिठ्ठी नाही, त्यांची रोजच तपासणी. आधी मी स्वतः फुंकून शून्य दाखवायची, म्हणजे मशीन नीट आहे हे समोरच्याला दिसायचं. मग त्याच्या डोळ्यांदेखत मशीनच्या नव्या नळीचं पाकीट फोडायचं आणि त्यानं दम असेपर्यंत फुंकायचं. आकडा आला तर लगेच काही लिहायचं नाही. खोकल्याचं औषध असतं, होमिओपॅथीचे थेंब असतात, त्यांचाही अंश तोंडात राहतो. म्हणून चूळ भरायची, बाकावर पंधरा मिनिटं बसायचं, खायचं नाही, प्यायचं नाही, विडी नाही. पंधरा मिनिटांनी दुसरी फुंक, साक्षीदारासमोर. तीच खरी. तिच्यातही आकडा आला की सही, आणि त्या दिवशी काम नाही. माणसाला त्याच्या गाडीवर जाऊ द्यायचं नाही, कुणीतरी घरी पोचवायचं. गांजा किंवा गोळ्यांचा संशय असला तर डॉक्टरकडे लघवीची तपासणी, आणि बाटलीच्या सीलवर त्याची स्वतःची सही. कुठलंही औषध चालू असेल तर आधी सांगायचं, त्याबद्दल कुणी ओरडणार नाही. पहिल्या वेळी नोकरी जात नव्हती. डॉक्टर, व्यसनमुक्ती केंद्र, आणि वर्षभर बढती नाही. तिसऱ्या वेळी मात्र चौकशी.

लोकांनी माझी भरपूर थट्टा केली.

"मॅडम, आज गुरुवार हाय, उपासाची फुंक चालंल का?"

"ताई, जपून, मशीनलाच चढायची!"

"टाक्या वाइनच्या बनवायच्या अन् तोंड मातर धुतलेलं पाहिजे. लय भारी न्याय हाय!"

एका म्हाताऱ्या फिटरनं तर मान वळवली. "लेकीच्या वयाच्या पोरीच्या तोंडासमोर फुंकू? नाय जमायचं." मी मशीन त्याच्या हातात दिलं आणि स्वतः पाठ करून उभी राहिले. त्यानं फुंकलं.

तिसऱ्या महिन्यात काकांची चिठ्ठी निघाली. त्या महिन्यात ते फोरमन होणार होते. यादी साहेबांच्या टेबलावर होती, सही तेवढी बाकी होती. इतकी वर्षं मिस्त्री राहिलेला माणूस, सातवी शिकलेला. साऱ्या शेडला माहीत होतं.

काका हसत आले. "घे गं, माझी कशाला आता, मी तर फोरमन!" फुंकले. आकडा आला.

"असं कसं?" ते म्हणाले. "कालची असंल. झोपून उठलो की मी. आंघोळ केली, जेवलो."

झोपलं आणि आंघोळ केली की उतरते, असं सगळेच समजायचे. बाबाही. मी त्यांना सांगितलं की रक्तातून जायला वेळ लागतो, सकाळ झाली म्हणून ती जात नाही. काकांनी चूळ भरली आणि बाकावर बसले. साक्षीदार म्हणून असलेला वॉचमन ट्रक आत घ्यायला गेला होता. केबिनमध्ये आम्ही दोघंच. भिंतीवर घड्याळ.

काकांनी पाच मिनिटं त्या घड्याळाकडे बघत काढली. मग हळूच म्हणाले, "पोरी, तुझी फुंक कोरी असती ना?"

"हो, काका."

"मग दुसरी तूच मार."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी नळीकडे बोट केलं. "तो यायच्या आत. कुणाला कळतंय? एका फुंकंचा तर सवाल हाय." त्यांचा आवाज बदलला. "तुझ्या बापाला आयुष्यभर सांभाळलं मी. तुझ्या घराला सांभाळलं. कालिजाच्या रांगेत उभा राहिलो. तू मला एकदा सांभाळून घे."

आजही लिहिताना हात थांबतो. मी ती फुंक मारली असती तर कुणाला कळलं नसतं, हे खरं आहे. ते त्या दिवशी टाकीत उतरणार नव्हते, हेही खरं. मी त्यांचं देणं लागत होते, तेही खरं. आणि मी जे वाक्य इतकी वर्षं आईसमोरसुद्धा बोलले नव्हते ते माझ्या तोंडून गेलं.

"काका, बाबांना सांभाळून घेतलं, म्हणूनच ते गेले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कॉलेजच्या खिडकीशी मान खाली घातली होती तशी त्यांनी मान खाली घातली, आणि उरलेली मिनिटं आम्ही दोघांनी घड्याळाची टिकटिक ऐकली. वॉचमन आला. मी नवी नळी फोडली. काकांनी फुंकलं. आकडा थोडा कमी होता, पण होता. त्यांनी सही केली. रिक्षात त्यांच्यासोबत मी बसायला निघाले तर म्हणाले, "तू नको. दुसऱ्या कुणाला तरी धाड."

ते माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द.

फोरमन दुसराच झाला. काका व्यसनमुक्ती केंद्रात गेले, परत आले. पुढच्या वर्षी एकदा पुन्हा आकडा आला. त्या वेळी त्यांनी काहीच मागितलं नाही, पंधरा मिनिटं बाकावर ताठ बसले, फुंकले, सही केली आणि स्वतःच केंद्राची चिठ्ठी मागून घेतली, तीही वॉचमनकडे. त्यानंतर चिठ्ठी निघो न निघो, रोज सकाळी ते सगळ्यांच्या आधी केबिनमध्ये यायचे. मी नळी फोडायची. ते फुंकायचे, पडद्यावरचा शून्य स्वतः वाचायचे आणि माझ्याकडे न बघता जायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे आली, त्यावर फक्त आईचं नाव होतं. आई लग्नाला गेली. मी दाराशी तिच्या पदराची पिन लावून दिली. परत आल्यावर तिनं पिशवीतून पुरणपोळी काढून माझ्यापुढे ठेवली. "भाऊंनी बांधून दिली," म्हणाली. "तुझ्यासाठी, असं काय बोलले नाहीत. पण एकच दिली."

ती मी खाल्ली, आणि खाताना रडले.

काकांच्या निरोपाच्या दिवशी शेडमध्ये हार, नारळ, शाल झाली. आईनं द्वारकेहून आणलेल्या शेवंतीचा हार मी फोरमनच्या हाती दिला, म्हणजे तो त्यांना घेता आला. शेवटच्या सकाळीही ते केबिनमध्ये आले होते. फुंकले, शून्य वाचला. ती नळी त्यांनी टोपलीत टाकली नाही. रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि गेले.

बाबांना सदतिसाव्या वर्षी टाकीतून बाहेर काढलं होतं. काका साठाव्या वर्षी, हातीपायी धड, कारखान्याच्या गेटातून चालत घरी गेले. मशीन आल्यापासून आमच्या शेडमध्ये टाकीत कुणी झोपलं नाही.