नदीचा करार

मी अजून जपानमध्ये, होक्काइदोत कामावर आहे, ते एका ऐनू आजोबांमुळे. ऐनू म्हणजे इथले मूळचे रहिवासी.

नदीला काठीच्या टोकाने दारूचे चार थेंब वाहून ते जाळं ओढत होते. म्हातारं माणूस एकटं ओढतंय म्हटल्यावर गावच्या सवयीने मीही हात लावला. तेवढ्यात पोलीस आले. विनापरवाना नदीतला सॅमन मासा धरणं इथे गुन्हा. आता व्हिसा जातो, अशी धास्ती बसली.

आजोबांनी माझ्या हातातलं जाळं काढून घेतलं. "हा पोरगा नुसता बघत होता."

"परवाना कुठाय, आजोबा?"

"नदी घेताना सरकारने आम्हा ऐनूंशी केलेला करार दाखवा, मग मी परवाना दाखवतो."

त्यांना घेऊन गेले. मी आठवीत शाळा सोडलेला, कायदा कळत नाही. पोलिसांची गाडी दिसली की अजून वाट बदलतो. पण आजोबा, एक दिवस तुमच्या बाजूने साक्षीला मी उभा राहीन.