हलकं रीळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मेधाला, माझ्या बायकोलासुद्धा नाही. गोष्ट मासेमारीच्या एका रिळाची आहे. एवढ्याशा वस्तूचं काय घेऊन बसलास, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच म्हणत आलो — आता तेही म्हणायचा कंटाळा आलाय.

केलीव्हिलला आमच्या शेजारी बॅरी राहायचे. पंचाहत्तरीचे, एकटे, मुलगी पर्थला. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण इथे सगळे नावानेच हाक मारतात. पुण्याच्या शाकाहारी घरातून आलेल्या मला मासेमारी त्यांनी शिकवली. लॉकडाऊनमध्ये पॅरामॅटाचं ऑफिस बंद. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून डोकं बधिर व्हायचं, आणि अर्वोला, म्हणजे दुपारी, कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही एकच बेत करायचो — निर्बंध उठले की धरणावर मरे कॉड धरायला जायचं. कमरेपर्यंत येईल एवढा वाढणारा, हट्टी मासा. आयुष्यात एकदा मोठा कॉड धरायचा आणि सोडून द्यायचा, एवढंच बॅरींना हवं होतं.

त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला होता. जुनं गोल, उंच रीळ मुठीत बसेना. म्हणून बुटकं, तळव्यात मावणारं, पण दणकट बेटकास्टर रीळ हवं होतं.

"तू इंजिनिअर आहेस," ते म्हणाले. "तू निवडशील ते मी डोळे झाकून घेईन."

मी आठवडाभर वाचत बसलो. अखंड धातूची चौकट, आत जाड पितळी दाते — घ्यायचं ते हेच, यात शंका नव्हती. पण तेव्हा कुठे माल येत होता? ते एकच उरलं होतं. दुसरं होतं ते हलकं, देखणं, लहान माशांसाठीचं. दोन्ही मागवली. दणकट होतं ते — मी ठेवलं. हलकं कुंपणावरून त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, दोन्ही सारखीच टिकाऊ आहेत, हे फक्त तुमच्या हाताला सोपं जाईल. का? मलाही मोठा मासा हवा होता. बाकी काही कारण नव्हतं.

डिसेंबरात गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरींच्या गळाला कॉड लागला. रॉड पार वाकला, आमची छोटी होडी फिरली. मग रिळातून कडकड आवाज आला. हँडल मध्येच धरायचं, मध्येच निसटायचं. दोरी ढिली पडली आणि माशाने गळ झटकून टाकला.

आवाज मी ऐकला होता. बॅरींना कमी ऐकू यायचं. ते रिळाकडे नाही, स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"हात घसरला का रे माझा, मेट?"

किती सोपं होतं खरं सांगणं? रीळ गेलं, चूक माझी — झालं असतं. मी म्हणालो, "असेल, बॅरी. वय झालं की होतं. नो वरीज."

घरी आल्यावर साफ करून देतो म्हणून त्यांचं रीळ मी उघडलं. दाते झिजून सपाट झाले होते. मी झाकण पुन्हा बसवलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपले सगळे रॉड मला आणून दिले. या हातांचा आता भरवसा नाही, म्हणाले. मी नको म्हणालो — मग घेतले. हळूहळू त्यांनी गाडी चालवणं सोडलं. आमच्याकडे आले की चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, तोही अर्धाच भरलेला. वर्षभराने मुलगी त्यांना पर्थला घेऊन गेली.

गेल्या हिवाळ्यात बॅरी गेले. मुलीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, डॅड त्या माशाबद्दल नेहमी सांगायचे, ऐन वेळी हाताने दगा दिला म्हणायचे. मग तिने विचारलं, तुम्ही तिथे होतात ना, खरंच त्यांचा हात घसरला होता?

मी हो म्हणालो.