टाइमलाइनवर नसलेले नऊ सेकंद

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी पावणेदोनच्या सुमारास, आदिलाबादच्या बसस्टँड रोडवरच्या माझ्या एडिटिंगच्या खोलीत एक आवाज वाजला. ज्या फाइलमधून तो वाजला, ती फाइल त्या वेळी कॉम्प्युटरमध्ये नव्हती. मी आणि माझा कॅमेरामन मारोती, दोघांनीही तो ऐकला.

असल्या गोष्टी मी मानत नव्हतो, आजही मानत नाही. श्राद्ध, पिंडदान न करणाऱ्या बौद्ध घरात वाढलो. नंतर नऊ वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काढली. तिथे ‘म्हणे’ आणि ‘असं ऐकिवात आहे’ हे शब्द बातमीतून आधी काढायचे असत. तेव्हा खाली फक्त तपासलेलं लिहितो.

आवाज गुरुजींचा होता. गुरुजी म्हणजे पैनगंगेकाठच्या एका गावातले निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी सुजाता उटनूरला शाळेत शिकवते. तिच्या लग्नाचं शूटिंग आम्ही मे महिन्यात केलं. व्हिडिओ दिवाळीपर्यंत द्यायला हवा होता, तो फेब्रुवारीतही दिला नव्हता. ती चूक माझी. मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी गुरुजी हृदयविकाराने गेले. शनिवारी सुजाताचा फोन आला.

“दादा, पुढच्या रविवारी बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. लग्नात बाबा बोलले होते ना, तेवढं द्या. त्यांचा आवाज आमच्याजवळ दुसरा कुठंच नाही.”

देतो म्हणालो. सोमवारी एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. मशीन अकरा वर्षांचं, सॉफ्टवेअरही तितकंच जुनं. सगळं पुसून नव्याने टाकण्याशिवाय इलाज नव्हता.

ही गोष्ट मी आधीही केली आहे. आमच्याकडे सी ड्राइव्हवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, डी ड्राइव्हवर काम. सी पुसला तरी डी शाबूत राहतो. तरीही मंगळवारी सकाळी कागदावर यादी केली : प्रोजेक्टचा फोल्डर, टायटल, मराठी-तेलुगू फॉन्ट. एकेक उतरवून घेतलं, खूण केली. सव्वाअकराला सी ड्राइव्ह फॉरमॅट केला.

दीड वाजता सॉफ्टवेअर परत बसलं. सुजाताचं प्रोजेक्ट उघडलं आणि गुरुजींच्या भाषणाखाली लाल पट्टी आली... फाइल सापडत नाही.

इथे एक समजून घ्या. प्रोजेक्टमध्ये चित्र किंवा आवाज नसतो. कुठला तुकडा कुठून घ्यायचा, एवढीच त्यात यादी असते; पडद्यावर ती पट्टीसारखी दिसते, तिला टाइमलाइन म्हणतात. लग्नात कॅमेऱ्याच्या माइकमध्ये नुसता जनरेटर आला होता, म्हणून भाषणाचा आवाज स्टेजच्या माइकला बांधलेल्या छोट्या रेकॉर्डरवरून घेतला होता.

“मारोती, रेकॉर्डरची फाइल कुठं टाकली होती?”

“डेस्कटॉपवर, भाऊ. समोर असली की लवकर सापडते.”

डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. मीही ती तिथूनच उचलून टाइमलाइनवर टाकली होती, डी वर न नेता. रेकॉर्डरमध्ये त्यानंतर सहा लग्नं भरून पुसली गेली होती. दुसरी प्रत नव्हती.

मारोती खाली बसला. “आता पोरीले काय सांगता?”

माझा हात सवयीने स्पेसबारवर, म्हणजे प्लेच्या बटणावर गेला. पट्टी लालच होती. स्पीकरमधून गुरुजी म्हणाले, “जमलेल्या समद्यायले माहा जयभीम.”

मी तिथेच थांबवलं. आणखी काही न ऐकता, काही न तपासता, तेवढा भाग वेगळी फाइल करून बाहेर काढला. वीस मिनिटं लागली. मग प्रोजेक्ट बंद करून परत उघडलं. लाल पट्टी, आणि आवाज नाही. त्यानंतर तो कधीच आला नाही.

“भाऊ, एक नारळ फोडू,” मारोती म्हणाला.

“नारळाने फाइल राहत असती तर लोकांनी हार्डडिस्क काऊन घेतल्या असत्या?”

“हसा. पण आवाज तुमी बी ऐकला.”

ऐकला. म्हणूनच तपासलं. सॉफ्टवेअर आवाजाची तात्पुरती प्रत ठेवतं, ते मला ठाऊक आहे. ती सी ड्राइव्हवर असते आणि सी पुसला होता. त्या प्रतींचा नवा फोल्डर रिकामा होता. डी ड्राइव्ह पूर्ण शोधला. पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर सी वर रात्रभर चालवलं. कुठल्याशा बारशाचे फोटो निघाले. ही फाइल निघाली नाही.

बुधवारी दुपारी सुजाता आली. बाहेर काढलेली फाइल लावली. तिसऱ्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि आवाज चालूच राहिला :

“मारोती, तो लाइट हटव ना बापा. माह्या टकलावर काय पाडून राह्यला? माही पोरगी दिसून नाही राह्यली मले.”

मग चित्र परत आलं आणि भाषण पुढे सुरू झालं.

हे वाक्य गुरुजी बोलले होते. भाषणात बरं दिसत नाही म्हणून ते मी जूनमध्ये टाइमलाइनवरून कापलं होतं. सुजाता हसली, मग तिने ओढणी तोंडाला लावली. मी म्हणालो, “ते काळं काढून देतो. दहा मिनिटांचं काम आहे.”

“काढू नका.”

“सुजाता, लोक काहीबाही म्हणतील. मारोती तर कालच नारळ फोडायला निघाला होता.”

“म्हणू द्या. आत्मा नाही, भूत नाही, हे बाबांनीच शिकवलं मले. त्यायच्याच कार्यक्रमात मी तसं म्हणू देईन का कोणाले? तुमच्या मशीनचा बिघाड असंल. पण बाबा बोलले ते बोलले. तुमी कापलं काऊन?”

मी काळं तसंच ठेवलं.

सॉफ्टवेअर कंपनीच्या हैदराबादच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, होऊच शकत नाही. इथल्या वाचकांपैकी कुणाला तांत्रिक कारण माहीत असेल तर जरूर लिहा, मी ते करून बघेन. बाकी कारणं लिहू नका. मी ती छापली नसती आणि मानणारही नाही.

रविवारी गावात, समाजमंदिरात, फाइल होती तशी दाखवली. टकलाच्या वाक्याला लोक मोठ्याने हसले. त्याच्या पुढच्या वाक्याला कोणी हसलं नाही. मारोती मागे, लाइट न लावता उभा होता.

प्रोजेक्ट अजून डी ड्राइव्हवर आहे. काल पुन्हा मोजलं. टाइमलाइनवर भाषण चार मिनिटं दहा सेकंदांचं आहे. तिच्यातून निघालेली फाइल चार मिनिटं एकोणीस सेकंदांची आहे.