निबंधातली दक्षता

“मॅडम, चुकलं का?” सविताने विचारले.

तिचा सरावाचा निबंध माझ्या हातात होता. विषय होता ‘माझी आवडती वाट’. तिने लिहिले होते :

उद्देश – पेडगाव ते परभणी या वाटेचे निरीक्षण करणे.
साहित्य – एसटी बस, खिडकीजवळची जागा.
कृती – कॉलेजच्या थांब्यावर मुली उतरतात, त्यांना बघावे. बस सुटेपर्यंत बघावे.
दक्षता – त्यांच्यासोबत उतरू नये.

आयटीआयमध्ये प्रत्येक प्रात्यक्षिक, म्हणजे ‘जॉब’, याच मथळ्यांखाली लिहितात. सविता इलेक्ट्रिशियन ट्रेडची, दुसऱ्या वर्षाची. दहावीनंतर लगेच लग्न झालेले. सासरी शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. घरच्यांनी आयटीआयला पाठवले ते गावातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करता याव्यात म्हणून. तिला मात्र बी.ए. करायचे होते, आणि त्यासाठी बारावी हवी होती.

दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला, तर तो बारावीसाठी धरला जातो. मंडळाच्या परीक्षेत फक्त दोन भाषा द्याव्या लागतात. उरलेल्या विषयांच्या जागी ट्रेडचे गुण येतात. सविताला मराठी आणि इंग्रजी द्यायची होती. नापास झाली तर पुन्हा बसायचे नाही, असे घरी ठरले होते.

मी मराठीत एम.ए. केले. कॉलेजात कविता शिकवायची, या आशेवर बरीच वर्षे गेली. चाळिशी ओलांडल्यावर आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर लागले. अर्ज कसा लिहावा, मुलाखत कशी द्यावी, हे शिकवायला. शेजारी फिटरांचे वर्कशॉप. माझा आवाज मुळात हळू. मागच्या बाकावरून हमखास यायचे, “मॅडम, व्होल्टेज लय लो हाय!”

भाषेच्या पेपरांसाठी वर्ग घेऊ का, असे प्राचार्यांना विचारायला मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले होते. तिसऱ्यांदा आत गेले.

“मॅडम, पोरं वायरिंग शिकायला येतात हितं, कवितेला न्हाई.”

“सर, जेवणाच्या सुट्टीत घेईन.”

“घ्या मग. डबा तुमचाच थंड होईल.”

त्या वर्गात सविता नियमित येई. निबंध सोडून बाकी सगळे तिला जमू लागले होते.

“चुकलं नाही,” मी म्हणाले, “पण परीक्षेत मथळे चालणार नाहीत. सलग लिहायचे.”

“म्हंजे कन्सील्ड वायरिंग? पट्ट्या दिसू द्यायच्या न्हाईत, करंट मात्र दिव्यापर्यंत पोचला पायजे.”

“अगदी तसेच.”

“आन् दक्षता कुठं लिहू?”

मी पुन्हा ती शेवटची ओळ वाचली. “ती लिहायचीच नाही,” मी म्हणाले.

तिने ते पान उलटले. मग पेन उघडून नव्या पानावर लिहायला बसली.

निकालात इंग्रजी काठावर सुटली. मराठीत तिला माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच जास्त गुण होते. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, “सासरे म्हन्ले, मोटारी रविवारी बघत जा.”

कॉलेज सुरू झाले त्या सकाळी तिचा फोन आला. मागे कंडक्टर कोणावर तरी ओरडत होता. बस निघून गेल्याचा आवाज आला.

“मॅडम, उतरले.”

“बरं,” मी म्हणाले.

त्या थांब्यावरून मीही रोज जाते. मुली उतरतात. बस सुटेपर्यंत मी बघते. माझा थांबा पुढे आहे.

जेवणाच्या सुट्टीतला वर्ग अजून चालू आहे. निबंधात दक्षतेचा मथळा नसतो, हे आता मी पहिल्याच तासाला सांगते. मागच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने.